नवरा-बायको, स्वतःची होडी आणि मुंबई ते गोवा: कळवणच्या जोडप्याला हे जमेल का?

तुम्ही ते रील नक्की पाहिलं असणार. निळाशार समुद्र, पांढरं शीड, सुकाणूपाशी नवरा, डेकवर चहाचा कप घेऊन बसलेली बायको आणि खाली कॅप्शन, ‘नोकरी सोडली, होडी घेतली.’ लाखो लाइक्स! कमेंटमध्ये कुणीतरी हमखास लिहितं, “हे सगळं फॉरेनला होतं भाऊ, आपल्याकडे नाही.”

खरंच आपल्याकडे होत नाही का?

समजा, कळवणचं एक जोडपं आहे. मुलं पुण्याला नोकरीला लागली, कांद्याचे पैसे यंदा बरे आले, डाळिंबाची बाग भावाने सांभाळायला घेतली. दोघांच्या मनात आलं, की स्वतःच्या होडीतून मुंबईहून निघायचं आणि किनाऱ्या-किनाऱ्याने, थांबत थांबत गोव्याला जायचं. क्रूझचं तिकीट काढून नव्हे, आपल्याच होडीतून. हे शक्य आहे का, त्याला काय लागतं आणि यात खरा धोका कुठे आहे, हे समजून घेऊया.

कळवणचा आणि समुद्राचा काय संबंध?

वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. कळवण तालुक्यातून वाहणारी गिरणा चणकापूर धरणातून पुढे जाते, जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते आणि तापी सुरतजवळ अरबी समुद्राला. म्हणजे कळवणचं पाणी समुद्रापर्यंत पोहोचतंच, माणसं तेवढी पोहोचत नाहीत!

दुसरा धागा किल्ल्यांचा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात कळवणच्या शेजारचा, बागलाणातला साल्हेर आहे. आणि त्याच यादीत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्गही आहेत. हे चारही किल्ले मुंबई-गोवा सागरी वाटेवर ओळीने लागतात. साल्हेर चढलेल्या माणसाने हे चार किल्ले पाण्याच्या बाजूने पाहावेत, याहून चांगलं निमित्त कुठलं?

आणि पाण्यापासून लांब वाढलेला माणूस पाण्यावर काही करू शकत नाही, हा समज तर नाशिक जिल्ह्यानेच खोटा पाडलाय. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगमध्ये उतरला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णपदक घेऊन आला.

वाट नवी नाही, जुनीच आहे

मुंबई-गोवा हायवे आणि कोकण रेल्वे येण्याआधी कोकणातला चाकरमानी बोटीनेच गावी जायचा. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरं म्हणजे तेव्हाची एसटी स्टँडच. आपल्या जोडप्याची वाटही हीच.

समुद्रावर अंतर नॉटिकल मैलात मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तासाला एक नॉटिकल मैल या वेगाला एक नॉट म्हणतात. हा मैल आला कुठून? पृथ्वीच्या नकाशावर अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल. त्यामुळे उत्तर-दक्षिण किनाऱ्यावर अंतर काढणं सोपं होतं. हर्णे साधारण १७ अंश ४९ मिनिटांवर आहे आणि रत्नागिरी १७ अंशांवर. फरक ४९ मिनिटांचा, म्हणून अंतर जवळपास ५० मैल.

या हिशेबाने टप्पे साधारण असे पडतात:

- मुंबई ते मांडवा: पहिला दिवस, हात बसवण्यापुरता.
- मांडवा ते मुरुड-जंजिरा: ३० ते ३५ मैल. वाटेत खांदेरी.
- जंजिरा ते हर्णे: सुमारे ३० मैल. समोर सुवर्णदुर्ग.
- हर्णे ते जयगड: सुमारे ३० मैल.
- जयगड ते रत्नागिरी: सुमारे २० मैल.
- रत्नागिरी ते विजयदुर्ग: २५ मैलांच्या आसपास.
- विजयदुर्ग ते देवगड: १२ मैलांच्या आसपास.
- देवगड ते मालवण: सुमारे २० मैल. समोर सिंधुदुर्ग.
- मालवण ते वेंगुर्ले: सुमारे १५ मैल.
- वेंगुर्ले ते गोव्यातला आग्वाद: सुमारे २५ मैल.

सगळं मिळून २२० मैलांच्या आसपास. तीसेक फुटांची शिडाची होडी सरासरी पाच नॉटने चालते. म्हणजे सर्वांत लांबचा टप्पाही सात तासांत उरकतो. पहाटे निघालं तर दुपारी नांगर टाकून जेवण. रोज एक टप्पा धरला तर दहा दिवस, आणि मध्ये मनाला येईल तिथे मुक्काम वाढवला तर तीन आठवडे.

गाडीने बारा तासांत होणाऱ्या प्रवासाला तीन आठवडे? हो, आणि त्याला कारण आहे. ते पुढे येईलच.

वाऱ्याचं वेळापत्रक

शाळेच्या भूगोलात ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ पाठ केलेलं आठवतंय? तेव्हा मार्कांसाठी पाठ केलं, इथे त्यावर होडी चालते.

रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उबदार राहतो. त्यामुळे रात्री उशिरापासून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. दुपारी जमीन तापते आणि वारा उलटतो, समुद्राकडून जमिनीकडे. हे खारे वारे. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर दुपारचा हा वारा बहुतेक वायव्येकडून येतो. म्हणून पहाटे मतलई वाऱ्यावर बंदरातून बाहेर पडायचं, दहा-अकराच्या सुमाराला वारा पडतो तेव्हा थोडं इंजिन चालवायचं आणि दुपारी वायव्येचा वारा पाठीशी घेऊन दक्षिणेला सरकायचं.

गोव्याला जाताना हे सगळं झकास जुळतं. परतीला मात्र तोच वारा तोंडावर येतो. शिडाची होडी थेट वाऱ्याच्या दिशेने जाऊ शकत नाही, साधारण ४५ अंशांच्या कोनात नागमोडी जावं लागतं. अंतर वाढतं, लाटा समोरून आपटतात, अंग आणि मन दोन्ही थकतं. म्हणून जाणकार परतीसाठी जास्त दिवस राखून ठेवतात.

कधी जायचं नाही?

मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत तर अजिबात नाही. पावसाळ्यात कोकणातली छोटी प्रवासी जलवाहतूक बंद ठेवली जाते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच हंगाम सुरू करतात, ती नुसती प्रथा नाही, पिढ्यान् पिढ्यांचं हवामानशास्त्र आहे.

हे शास्त्र मोडल्यावर काय होतं, ते महाराष्ट्राने १७ जुलै १९४७ ला पाहिलं. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट ऐन पावसाळ्यात काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबई हाकेच्या अंतरावर होती.

पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना चक्रीवादळांचा धोका असतो. ‘निसर्ग’ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये कोकणाला झोडपत वर गेलं, तर ‘ओखी’ डिसेंबर २०१७ मधलं. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च हा चांगला काळ खरा, पण अंदाज रोज बघायचाच. हवामान विभागाचा सागरी अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज, दोन्ही मोबाइलवर फुकट मिळतात.

भरती-ओहोटी: पंचांग इथेही लागतं!

कोकणातली बरीच बंदरं खाडीच्या मुखाशी आहेत. तिथे नदीचा गाळ आणि समुद्राची वाळू साचून पाण्याखाली उथळ पट्टा तयार होतो. भरतीला त्यावरून होडी आरामात जाते, ओहोटीला तळ घासतो आणि तिथेच लाटा फुटत असतील तर होडी आडवी होऊ शकते. म्हणून अनोळखी खाडीत शिरायचं ते चढत्या भरतीला. चुकून रुतलात तर वाढतं पाणीच होडी उचलून देतं. उतरत्या पाण्यात रुतलात तर पुढच्या भरतीपर्यंत बसा मुकाट!

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना ठोकताळा म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अंदाज ढोबळ असतो, नेमकी वेळ छापील तक्त्यातूनच घ्यायची. पण मोबाइल बंद पडला तर हा हिशेब कामाला येतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती येते आणि मुंबईत तेव्हा पाण्याची पातळी चार-साडेचार मीटरने वर-खाली होते. नांगर टाकताना हे लक्षात ठेवावं लागतं. ओहोटीला तीन मीटर खोल असलेली जागा भरतीला सात मीटरची होते आणि नांगराचा दोर खोलीच्या पाच ते सातपट सोडायचा असतो.

कागद आणि परवानग्या

होडी घेतली आणि निघालो, असं होत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला हल्लेखोर ‘कुबेर’ या मासेमारी बोटीतून मुंबईजवळ आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावर अनोळखी होडी दिसली की विचारणा होते आणि ती व्हायलाच हवी. होडीची नोंदणी, विमा, दोघांची ओळखपत्रं आणि प्रवासाचा आराखडा जवळ ठेवायचा. मुंबई आणि जेएनपीए वगळता राज्यातली बंदरं महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत, तिथल्या बंदर अधिकाऱ्याला आणि सागरी पोलिसांना आधी कळवून निघालं की पुढचे प्रश्न कमी होतात. २०२५ मध्ये देशात नवा मर्चंट शिपिंग कायदा झालाय, त्यामुळे जुन्या यूट्यूब व्हिडिओवर विसंबू नका, सध्याचा नियम कार्यालयातूनच विचारून घ्या.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन वापरणं भारतात गुन्हा आहे. परदेशी व्लॉगरकडे दिसला म्हणून ऑनलाइन मागवू नका. होडीवर लागतो तो व्हीएचएफ रेडिओ, तोही परवाना काढून. संकटाची हाक त्याच्या १६ नंबरच्या चॅनेलवर द्यायची. फोनची रेंज असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३.

रात्रीचा प्रवास मात्र टाळाच. कोकणात रात्री समुद्रात शेकडो जाळी पसरलेली असतात. उत्तर कोकणातली डोल जाळी तर एका जागी ठोकून बसवलेली असतात. पंख्यात जाळं अडकलं की इंजिन बंद, आणि ज्याचं जाळं फाटलं त्याची हजारोंची रोजी बुडाली. बंदरात पोहोचल्यावर एखाद्या तांडेलाला नमस्कार करून “काका, उद्या कुठून जाऊ?” एवढं विचारलं तर कुठल्याही ॲपपेक्षा चांगला नकाशा तोंडी मिळतो.

होडी किती मोठी हवी?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. मोठी होडी म्हणजे सुरक्षित, असं वाटतं. पण दोघांच्या हातात मावेल तेवढीच होडी चांगली. शीड मोठं, नांगर जड, देखभाल महाग. होडीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी देखभालीला जातात, हा जगभरच्या होडीवाल्यांचा ठोकताळा आहे. पावसाळ्यात ती पाण्याबाहेर काढून ठेवायचा खर्च येतोच.

लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याचं उदाहरण जगभर दिलं जातं. त्यांनी कॅलिफोर्नियात स्वतःच्या हातांनी ‘सेराफिन’ नावाची जेमतेम २४ फुटांची लाकडी होडी बांधली. १९६८ मध्ये ती पाण्यात उतरली. इंजिन नव्हतंच! अकरा वर्षांत त्यांनी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांच्याकडे भरपूर पैसा नव्हता, वेळ होता.

आपल्याकडेही परंपरा कमी नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० मध्ये मुंबईहून निघून एकट्याने शिडाच्या होडीतून जगप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. आणि २०२४-२५ मध्ये नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून सुमारे आठ महिन्यांत जगाला फेरी मारली. होडीत फक्त दोघी. एक झोपली की दुसरी जागी.

खरा धोका: होडीतला ‘प्रवासी’

आता पुन्हा त्या रीलकडे या. सुकाणूपाशी नवरा, डेकवर चहा घेऊन बायको. सुंदर दिसतं. पण या चित्रातच गडबड आहे.

समजा, नवरा तोल जाऊन पाण्यात पडला. होडी पाच नॉटने चालली आहे, म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. एका मिनिटात ती दीडशे मीटर पुढे जाते. मीटरभर उंचीच्या लाटांमध्ये दीडशे मीटरवरचं माणसाचं डोकं नारळाएवढंसुद्धा दिसत नाही. या एका मिनिटात बायकोला ओरडून तरंगतं कडं फेकायचंय, नजर न हटवता शीड सोडायचंय, होडी वळवायचीय आणि भिजलेल्या माणसाला वर ओढून घ्यायचंय. तिने सुकाणूला कधी हातच लावला नसेल, तर हे होईल?

उलटही तेच. इंजिन दुरुस्ती फक्त त्याला येते, रेडिओ फक्त त्यालाच कळतो, खाडीची वाट फक्त त्याच्याच डोक्यात आहे, आणि त्याला ताप भरला तर? दोघांच्या होडीत प्रवासी कुणीच नसतो. तिथे दोघंही तांडेल लागतात आणि दोघंही खलाशी.

म्हणून पहिला खर्च होडीवर नको, शिकण्यावर करा. दोघांनी आधी पोहायला शिका. नाशिकला गंगापूर धरणावर पर्यटन महामंडळाचा बोट क्लब आहे, होडीत बसल्यावर पोटात काय होतं ते तिथे कळेल. शीड हाताळायला मात्र मुंबई किंवा गोव्यातल्या सेलिंग क्लबमध्ये रीतसर धडे घ्यावे लागतील, आणि तेही दोघांनी. एकाने शिकायचं आणि दुसऱ्याला सांगायचं, असं नाही. मग एखाद्या अनुभवी खलाशाला सोबत घेऊन मांडव्यापर्यंत, मग मुरुडपर्यंत. लाईफ जॅकेट कपाटात नाही, अंगात. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेजवळ ‘नीलकमल’ बोटीला अपघात झाला आणि डझनाहून अधिक माणसं गेली, तेव्हा बऱ्याच प्रवाशांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हतं. किनारा दिसतो म्हणजे आपण वाचतो, असं नसतं.

मग तीन आठवडे का?

कारण समुद्रावर माणसाला वाऱ्याइतकंच अडचणीत आणतं ते कॅलेंडर. ‘सोमवारी हजर व्हायचंय’, ‘परतीचं तिकीट काढलंय’, ‘पाहुणे मालवणला वाट बघतायत’ अशा कारणांनी माणूस नको त्या दिवशी नांगर उचलतो. अंदाज खराब असतो, भरती चुकलेली असते, अंधार पडत आलेला असतो, तरी तो निघतो. ज्याला घाई नाही, तो रत्नागिरीला दोन दिवस जास्त थांबतो, बाजारात जाऊन बांगडे आणतो आणि समुद्र शांत झाल्यावर निघतो. या प्रवासात निवांतपणा ही चैन नाही, ते सुरक्षेचं साधन आहे.

आणि तो कळवणच्या शेतकरी जोडप्याला शिकवावा लागेल असं वाटत नाही. आभाळ बघून पेरणी थांबवणं, भाव पडलेला असताना कांदा चाळीत धरून ठेवणं, बागेला पाणी देण्यासाठी रात्री आळीपाळीने जागणं, हे सगळं त्यांनी आयुष्यभर केलंय. वारा बघायचा, वाट बघायची आणि दोघांनी मिळून राबायचं. समुद्रावर याहून वेगळं काय लागतं?

थोडक्यात, कळवणच्या जोडप्याला हे जमू शकतं. पण उद्याच नाही. दोन हंगाम शिकण्यात घालवायचे, होडी लहान घ्यायची, कागद पूर्ण करायचे आणि परतीची तारीख कुणालाच सांगायची नाही.

तुमच्या घरात असा विचार कुणाच्या डोक्यात असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. आणि पाठवताना एकट्याला नको, दोघांनाही पाठवा!